धुलाईआधीची धुलाई

प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारं मशीन, घ्यायचं म्हटलं की पहिला घोळ शब्दाचा. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आलेला माणूस दुकानात ‘गॅस इंजिनवालं दाखवा’ म्हणतो आणि काउंटरवरचा पोरगा विचारतो, ‘घरगुती सिलिंडर की कमर्शियल?’ तिकडचं गॅस म्हणजे आपलं पेट्रोल. एवढा उलगडा झाला की खरं महाभारत सुरू: डिझेल की पेट्रोल? या विषयावर मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. दारात सायकल नसलेलेही ‘डिझेलच घ्या, टॉर्क असतो’ असं छातीठोक सांगतात. टॉर्क म्हणजे काय, असं विचारलं की नेमका त्यांचा फोन वाजतो.

मी म्हणतो, इंजिन राहू द्या बाजूला, आधी पंप बघा. बार (दाबाचं माप) गुणिले मिनिटाचे लिटर भागिले ६००, की आले पंपाला लागणारे किलोवॅट. २०० बार आणि १५ लिटरचा पंप असेल तर ५ किलोवॅट. त्यात पंपाचं स्वतःचं कमिशन धरा, म्हणजे ६ किलोवॅट, साधारण ८ एचपी. पण इंजिनावर छापलेली एचपी ही लग्नाच्या बायोडेटातल्या पगारासारखी असते. आकडा खोटा नसतो, पण रोज हातात तेवढं येत नाही. म्हणून पेट्रोलला ११ ते १३ एचपी घ्यावी, डिझेलला १० पुरते. १३ एचपीचं पेट्रोल इंजिन तीस-बत्तीस किलोचं, १० एचपीचं डिझेल पन्नासच्या आसपास. हा फरक कागदावर दिसत नाही, टेम्पोतून उतरवताना कमरेला समजतो.

पेट्रोलचं दुखणं नाजूक. पावसाळाभर कोपऱ्यात ठेवलेलं मशीन दिवाळीआधी अंगण धुवायला काढावं, तर दोरी ओढून खांदा उतरतो, इंजिन ढिम्म. कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि तळाला गुळाच्या पाकासारखा चिकटा उरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते आपल्याच साखर कारखान्यातलं असेल, पण हवेतला ओलावा ओढून घेताना नातं बघत नाही. पाणी फार झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. मग वाटी उतरवा आणि जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं बारीक भोकाचं नळकांडं, काढून पुसा. भोक मोकळं करायला वायरीतली तांब्याची बारीक तार घ्या, सुई घालू नका. सुईने भोक मोठं होतं आणि इंजिन जन्मभर काळा धूर ओकतं. हे सगळं टाळायचं तर मशीन ठेवून देताना इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

आणखी एक गंमत. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ऑइल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर असतो. मशीन उतारावर उभं केलं की ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं संपलंच. माणूस प्लग बदलतो, मग कॉइल, शेवटी मेकॅनिक. मशीनला हवी असते फक्त सपाट जागा.

डिझेलचा स्वभाव वेगळा. एरवी बैलासारखं राबतं, पण टाकी एकदा कोरडी पडू दिली की रुसून बसतं. नुसतं डिझेल ओतून भागत नाही, लाइनमध्ये हवा शिरलेली असते. टाकी भरा आणि ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा बाहेर काढायचा स्क्रू, सैल करा. आधी फेस येईल. तो थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट अर्धा आटा सैल करा, डीकॉम्प्रेशनचा खटका (तो इंजिनातला दाब सोडून दोरी हलकी करतो) उचला आणि थेंब उडेपर्यंत दोरी ओढा. नट आवळा, मग स्टार्ट. या काळात जो बघायला उभा असतो तो ‘पेट्रोल घ्यायला हवं होतं’ असं म्हणतोच. आणि एवढं दांडगं इंजिन रोज दोन स्कूटर धुवायला अगदी कमी जोरावर चालवलं, तर न जळलेल्या डिझेलची काजळी सायलेन्सरमध्ये साचते. बैलाला काम कमी पडलं तरी त्रास.

दोघांचा एक समान छळ म्हणजे दोरी घट्ट लागणे. पंपात जुना दाब अडकलेला असतो. गनचा खटका दाबून तो सोडा, मग ओढा. आणि बंद शेडमध्ये दोन्हीही नकोत. पेट्रोलच्या धुराला वास कमी म्हणून गाफील राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि तो पेट्रोलवालंच जास्त सोडतं.

पैशाचं म्हणाल तर पूर्ण लोडवर पेट्रोल तासाला तीन लिटर धरा, डिझेल दोन. भाव १०५ आणि ९० मानले तर तासाला १३५ रुपये वाचले. डिझेलचं मशीन ४०,००० नी महाग असेल, तर फरक वसूल व्हायला जवळजवळ ३०० तास. वॉशिंग सेंटरवर रोज चार तास चालवणाऱ्याचे ७५ दिवसांत वसूल. आठवड्यातून तासभर ट्रॅक्टर धुणाऱ्याला पावणेसहा वर्षं, तोवर ट्रॅक्टरच विकलेला असतो. तरी शेतकऱ्याने डिझेल घेतलं तर मी हसणार नाही, कारण घरात कॅन डिझेलचाच असतो आणि पेट्रोल प्रत्येक वेळी गावातून आणावं लागतं.

एवढं ठरवून मशीन घरी आलं की ते अर्ध्या इंचाच्या नळाला जोडतात. नळ देतो मिनिटाला आठ लिटर, पंप मागतो पंधरा. पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो, फवारा धापा टाकतो आणि सगळे इंजिनाकडे रागाने बघतात. शेवटी हजार लिटरची टाकी लावली जाते. ती सहासष्ट मिनिटांत रिकामी होते, टँकर मागवला जातो, आणि टँकर येईपर्यंत त्याला डिझेल किती लागतं यावर चर्चा रंगते.