परतीच्या गाडीत

काल रात्री धड झोप लागली नाही, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

इथे अमेरिकेत, आमच्या गावातल्या छोट्या थिएटरात 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चा प्रयोग होता. गोऱ्या मुलीवर हात टाकल्याच्या खोट्या आरोपात अडकलेला काळा टॉम रॉबिन्सन आणि त्याचा गोरा वकील ॲटिकस, यांची गोष्ट. सगळी हौशी मंडळी, ॲटिकस झालेला माणूस एरवी दातांचा डॉक्टर. आम्ही चार मराठी घरं मिळून गेलो होतो. टॉम रॉबिन्सन झालेल्या मुलाने डावा हात नाटकभर असा लोंबता ठेवला होता, जसा काही तो त्याचा नव्हेच. लहानपणी कापसातली सरकी काढायच्या यंत्रात सापडलेला हात. या हाताने तो मारहाण करूच शकत नाही, हे भर कोर्टात दिसतं, आणि तरी बारा जण त्याला दोषी ठरवतात. माझ्या शेजारची मैत्रीण मुसमुसून रडत होती. मीही रडले.

आणि परतीच्या गाडीत तिचं पहिलं वाक्य काय? "तेव्हा होतं गं तसं. पण आता या काळ्या लोकांनीही जरा मेहनत करावी ना, आपण नाही का केली?"

अगं, रुमाल तरी वाळू दे!

मी गप्प बसले. का, तेही सांगते. 2011 साली आम्ही घर शोधत होतो. एजंट काळी, पन्नाशीची बाई. मी तिला मोठ्या खुबीने विचारलं, "एरिया कसा आहे? म्हणजे, लोक कसे आहेत?" तिने हातातली फाईल मिटली. म्हणाली, याचं उत्तर मला कायद्याने देता येत नाही. वर हसलीसुद्धा. तो 1968 चा फेअर हाउसिंग कायदा, घरं विकताना-भाड्याने देताना वंश बघायला मनाई करणारा, मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनानंतर आठवड्याभरात सही झालेला. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपण पकडले गेलो, एवढंच कळलं.

मेहनत म्हणे! 1965 च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर, मतदानाचा हक्क मागताना, पोलिसांच्या लाठ्या कुणी खाल्ल्या? या काळ्या लोकांनीच. ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला, ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशनचा. डोकी त्यांची फुटली, दार आपल्या काका-मामांना उघडलं. त्याआधी 1923 साली पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी इथल्या सुप्रीम कोर्टात सांगत होते की मी उच्चवर्णीय आर्य, मला गोऱ्यांत धरा. सातासमुद्रापार जातीचा दाखला! कोर्टाने नाही म्हटलं ते नाहीच.

कुणीतरी म्हणेलच की या नाटकात हिरो गोरा वकीलच आहे. आहे खरा. टॉमला सतरा गोळ्या घालतात, आणि बाहेर पडताना सगळे बोलत होते ॲटिकसबद्दल. आणि हो, आपल्या लोकांनाही इथे त्रास होतो, मान्य. म्हणून फाईल मिटायला लावणारे प्रश्न विचारायचे?

जाऊ दे. तिच्यावर राग धरून मी काय करणार? माझ्या बाळंतपणात दीड महिना डबा तिच्याकडूनच यायचा. तिने निदान मनातलं तोंडावर बोलून दाखवलं. मी खुबीने विचारलं होतं.

त्या एजंटबाईंना मी परत फोन केला नाही. घर दुसऱ्याकडून घेतलं. तो मराठीच होता, त्याला काही विचारावंच लागलं नाही.