वीस फूट म्हणजे दहा फरश्या

डोळ्यांचा व्यायाम सांगणाऱ्या डॉक्टरांना आपलं ऑफिस पाहायला बोलवायला हवं, असं माझं जुनं मत आहे. नियम म्हणून सोपा: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. कारणही साधं. जवळचं दिसावं म्हणून डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळून राहतो, भरलेली बादली धरून ताटकळणाऱ्या माणसासारखा. नजर लांब गेली की बादली खाली.

पण क्युबिकलमध्ये वीस फूट आणायचे कुठून? फरश्या मोजा. दोन फुटी असतील तर दहा. दहाव्या फरशीवर नेमकं कोणीतरी बसलेलं असतं, आणि त्या व्यक्तीकडे टक लावून बघणं हा नेत्रोपचार आहे हे अंतर्गत समितीला पटवणं कठीण. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघाल तर साहेबांना शंका येते, ‘एक्झिट’च्या हिरव्या पाटीकडे बघाल तर खात्री पटते. त्यापेक्षा खिडकीतून दिसणारी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बरी. (या २० सेकंदांत मोबाइल बघणारे महाभाग असतात. मॉनिटर दोन फुटांवर, मोबाइल फूटभरावर. म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली स्नायूला ओव्हरटाइम.)

खरं दुखणं पापण्यांचं. एरवी त्या मिनिटाला पंधराएक वेळा मिटतात. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, आणि मिटतात त्याही अर्ध्याच. बुबुळाचा खालचा भाग उघडा पडतो, अश्रूंचा थर वाळतो, जळजळ होते. मग गंमत म्हणजे, कोरड्या डोळ्यांतूनच घळाघळा पाणी येतं. उपाय: पापण्या सावकाश पूर्ण मिटा, दोन सेकंद थांबा, उघडा. असं दहा वेळा. दोन्ही डोळे एकदम मिटावेत, एकच मिटल्यास परिणामांना व्यायाम जबाबदार नाही.

तळवे घासून डोळ्यांवर ठेवायचे असतील तर बुबुळावर दाब देऊ नका. मिनिटभर अंधार मिळतो, बरं वाटतं. नंबर मात्र पाव पॉइंटनेही उतरत नाही. उतरतो म्हणणाऱ्यापासून वीस नव्हे, चाळीस फूट लांब राहा. शिवाय त्या अवस्थेत दिसलात की हमखास कोणीतरी खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतं, “अप्रेझलचं कळलं का?”

पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला असेल तरच करा. जवळ बघताना ज्यांचे दोन्ही डोळे नीट एकत्र वळत नाहीत, त्यांच्यासाठी तो आहे. बाकीच्यांना त्यातून फक्त तिरळेपणाची कीर्ती मिळते.

आणि एसीचा झोत तोंडावर घेऊन, मॉनिटर उंचावर ठेवून हे सगळं करण्यात अर्थ नाही. स्क्रीनची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. वर बघावं लागलं की पापण्या जास्त उघडतात आणि डोळे लवकर सुकतात. मान दुखते म्हणून मॉनिटरखाली ए-फोर कागदाची दोन रिमं सरकवली असतील तर त्यातलं एक काढून घ्या. प्रिंटरमध्ये तसाही कागद नसतोच.