कॅटरिना तिसऱ्या श्रेणीचीच, आणि 2005 ची वादळं 28च

नमस्कार,

अटलांटिक महासागरातल्या वादळांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. 2005 च्या अटलांटिक हंगामात लेखात 28 वादळं सांगितली आहेत, पण नावं मोजली तर 27 भरतात. त्या वर्षी अमेरिकेवर आदळलेली कॅटरिना किनाऱ्यावर धडकताना पाचपैकी तिसऱ्या श्रेणीची होती असं लिहून तिचं गांभीर्य कमी केलं; आकडे मागाहून कागदावर बदलत असतील तर त्यांवर विश्वास का ठेवायचा? आणि कॅटरिनातल्या मृतांचा 1,833 हा आकडा जुना आहे.

शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने 2023 मध्ये कॅटरिनाचा अहवाल सुधारून हा आकडा 1,392 केला. लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

आता मोजणी. दर हंगामाच्या यादीत 21 नावं असतात. क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड ही अक्षरं वगळतात. 2005 मध्ये विल्माला यादी संपली, मग अल्फा ते झीटा ही सहा ग्रीक अक्षरं वापरावी लागली. हे तुमचे 27. अठ्ठाविसावं वादळ 4 ऑक्टोबरला अझोर्स बेटांजवळ झालं. हंगामानंतर सगळी निरीक्षणं पुन्हा तपासली तेव्हा ते उपोष्णकटिबंधीय वादळ ठरलं. मागाहून नाव देत नाहीत, म्हणून ते बिननावाचं राहिलं. याच फेरतपासणीत सिंडी हे वादळ हरिकेन, म्हणजे पूर्ण ताकदीचं चक्रीवादळ, ठरलं आणि एमिली पाचव्या श्रेणीत गेली. त्या वर्षीच्या कात्रणांत पाचव्या श्रेणीची तीनच वादळं सापडतील; आज ती चार आहेत: एमिली, कॅटरिना, रिटा आणि विल्मा.

आकडा मागाहून बदलतो कारण त्या वेळी हाती असतं ते घाईचं मोजमाप. ते कसं होतं, हे विल्मावरून पाहा. वादळाच्या डोळ्यात विमानातून एक नळी सोडतात, सुमारे 40 सेंटीमीटर लांब आणि अर्धा किलोपेक्षा हलकी. छोट्या पॅराशूटला लटकून ती खाली येताना दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहते. 19 ऑक्टोबरला विल्मात सोडलेल्या अशा नळीने पाण्याला टेकताना 884 मिलीबार दाब दाखवला (दाब जितका कमी, तितकं वादळ तीव्र). पण त्याच क्षणी तिथे 23 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 43 किलोमीटर वारा होता. डोळ्याच्या ऐन मध्यावर वारा जवळपास शांत हवा. म्हणजे नळी मध्यापासून जरा बाजूला पडली होती आणि मध्यावरचा दाब आणखी कमी होता. दर 10 नॉटला साधारण 1 मिलीबार या हिशेबाने 2 वजा केले, आणि नोंद झाली 882 ची. डोळा जेमतेम पावणेचार किलोमीटर रुंद होता, म्हणून इतकं बारकाईने पाहावं लागलं.

कॅटरिनाचंही असंच. 28 ऑगस्टला खुल्या समुद्रात ती खरोखर पाचव्या श्रेणीची होती, दाब 902 मिलीबार. 29 ला लुइझियानात ब्युरासजवळ धडकली तेव्हा बातमीपत्रांत चौथी श्रेणी होती. एरवी विमानाच्या उंचीवरच्या वाऱ्याच्या सुमारे 90 टक्के वारा पृष्ठभागावर धरतात. त्या दिवशी हे गुणोत्तर लागू पडत नव्हतं: डोळ्याभोवतीची ढगांची भिंत विस्कटली होती, वरचा जोर खाली पोहोचत नव्हता. नळ्यांनी आणि विमानावरच्या सूक्ष्मलहरी मापकाने तेच दाखवलं. म्हणून अहवालात ताशी 125 मैल, म्हणजे सुमारे 200 किलोमीटर वारा आला. ती तिसरी श्रेणी. (आपल्या हवामान खात्याच्या आकड्यांशी तुलना करताना जपून: तिथे तीन मिनिटांची सरासरी धरतात, अमेरिकेत एका मिनिटाची. एकाच वादळाचा एका मिनिटाचा आकडा मोठाच येतो.)

पण तुमची खरी तक्रार मला समजते, आणि ती रास्त आहे. ‘तिसरी श्रेणी’ वाचून कुणालाही वाटेल की बरं झालं, उतरली. श्रेणी फक्त वाऱ्याची असते. वारा उतरला तरी पाणी लगेच उतरत नाही. आदल्या दिवशी पाचव्या श्रेणीत उठलेल्या लाटा किनाऱ्याकडे निघालेल्याच होत्या, वादळाचा पसारा अफाट होता, आणि मिसिसिपी राज्यासमोरचा समुद्र लांबवर उथळ आहे. तिथल्या पास क्रिश्चन गावात पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढलं. 1969 मध्ये याच किनाऱ्यावर कमिल हे वादळ पाचव्या श्रेणीत आलं होतं, तरी त्याचं उधाण, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेलं पाणी, याहून कमी होतं. कमिलमध्ये टिकलेल्या घरांत अनेक जण याही वेळी थांबले, आणि पाणी तिथवर आलं. न्यू ऑर्लिन्सची गोष्ट वेगळी: तिथल्या काही कालव्यांच्या पूरभिंती पाणी काठावरून वाहण्याआधीच ढासळल्या.

2010 मध्ये राष्ट्रीय हरिकेन केंद्राने श्रेणींच्या व्याख्येतून उधाणाची उंची आणि दाब काढूनच टाकले, ते याच गोंधळामुळे. म्हणून लेखातली तिसरी श्रेणी तशीच ठेवतो आहे. तिच्या शेजारी, त्याच ओळीत, साडेआठ मीटरचा आकडा ठळक घातला आहे.