मोज्यात लपवलेली जखम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘अर्धी पुरणपोळी’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज पहाटे पुन्हा वाचली. नावाच्या जागी तुम्ही फक्त ‘एक मुलगा’ असं लिहिलंय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या ७८ वर्षांच्या आईला या होळीला अर्धी पुरणपोळी वाढली आणि चार वर्षांनी ती सगळ्यांबरोबर पानावर बसली, असं मी लिहिलं होतं. शुगर असलेल्या माणसाला आपण आकडा विचारतो, दिवस कसा गेला ते विचारत नाही, असंही लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की असे लेख पथ्य मोडणाऱ्यांच्या हातात सबब देतात, ‘जगण्याचा दर्जा’ हे मोहाला दिलेलं गोंडस नाव आहे आणि जिभेवर ताबा नसलेल्यांनाच हा आजार होतो. शेवटी तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. माझ्या लेखात पायांबद्दल एक ओळही नव्हती. डोळ्यांबद्दल नव्हती, किडनीबद्दल नव्हती. एखाद्यानं तो लेख वाचून ‘चालतंय की’ म्हणत दुसरी पोळी घेतली असेल, तर त्याची जबाबदारी माझ्यावर येते. साखर आटोक्यात ठेवण्याचं मोल मला मान्य आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर जास्त नेटानं आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये डोळे आणि किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार चतुर्थांशानं कमी झाले होते. हे मी लेखातच सांगायला हवं होतं.

पण आईची अर्धी गोष्ट सांगायची राहिली होती, ती आज सांगते.

त्या चार वर्षांत आईची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६.४ टक्के असायची. रिपोर्ट आला की आम्ही भावंडं एकमेकांना फोन करून आनंद साजरा करायचो. त्याच काळात तिनं पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला जाणं बंद केलं, सोमवारचं भजन सोडलं. विचारलं की ‘कंटाळा येतो’ म्हणायची. एका पहाटे साडेतीनला ती न्हाणीघराच्या दारात पडलेली सापडली. अंग घामानं चिंब आणि मला ओळखेना. ग्लुकोमीटरवर त्या क्षणाची साखर ४८, म्हणजे धोकादायक कमी. गिळता येतंय एवढी खात्री करून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठे तिनं माझं नाव घेतलं. मग एकेक बाहेर आलं. रस्त्यात हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून ती बाहेर पडत नव्हती. आम्हाला सांगितलं असतं तर ‘वेळेवर खात नाहीस’ म्हणून बोलणी बसली असती.

आमचा तो ६.४ असा आला होता. साखर खाली ओढणारी गोळी होती तेवढीच, वय मात्र वाढत होतं आणि जेवण निम्म्यावर आलं होतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅकॉर्ड या अभ्यासात मधुमेह आणि हृदयविकाराचा मोठा धोका असलेली दहा हजारांहून जास्त माणसं होती. एका गटात ही तीन महिन्यांची सरासरी ६ च्या खाली आणायची होती, दुसऱ्यात ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवायची होती. कडक गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. २००८ मध्ये तो कडक उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. तरुण, नव्यानं निदान झालेल्या माणसाला हे लागू नाही, आणि गोळ्या कमी करायला कुणी याचा आधार घेऊ नये. पण आईच्या वयाला लक्ष्य सैल ठेवतात, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. त्यांनी गोळी बदलली. आता सरासरी ७.६ असते आणि आई परत तळजाईला जाते.

आता तुमचं एक वाक्य. “बाबांनी तीन आठवडे जखम मोज्यात लपवली, नाहीतर पाय वाचला असता.” तुम्ही ते ओघात लिहिलंय, पण मी तिथून पुढे सरकू शकले नाही. कारण माझ्या आईनंही जखम लपवली होती. लक्ष्मी रोडवरून आणलेल्या नव्या चपलेनं करंगळीजवळ फोड आला होता. आठ दिवस ती त्यावर हळद लावून वरून कापड गुंडाळत होती. का, तर संक्रांतीला तिनं दोन तिळाच्या वड्या खाल्ल्या होत्या आणि फोड त्यामुळेच आला असं आम्ही म्हणू, अशी तिला खात्री होती. आम्ही म्हणालोही असतो. आमचा पाय वाचला तो नशिबानं, शहाणपणानं नाही.

साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, खडा टोचलेला कळत नाही, रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही. इथपर्यंत तुमचं म्हणणं खरं. पण बधिर पायावरची जखम आणि कापावा लागलेला पाय यांच्यामध्ये काही दिवस असतात. त्या दिवसांत माणूस घरच्यांना हाक मारतो की मोजा वर ओढतो, यावर फार काही ठरतं. हाक मारायला घरात भीती नसावी लागते. जगण्याचा दर्जा म्हणते तेव्हा मी याच्याबद्दल बोलत असते, पुरणपोळी त्यातला फार लहान भाग आहे.

हा माझ्या मनाचा हळवेपणा आहे असं वाटत असेल तर एक सांगते. १९९५ पासून डॉक्टरांकडे मधुमेहाचा मनावर येणारा भार मोजण्यासाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिला ‘पेड’ म्हणतात. पथ्य चुकलं की अपराधी वाटतं का, साखर खाली जाईल याची धास्ती असते का, घरचे समजून घेत नाहीत असं वाटतं का, असं त्यात विचारतात. साखर मोजतात तसा हा भारही मोजायचा असतो. आमच्या फाइलमध्ये चौदा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट आहेत, असा कागद एकही नाही.

आणि जिभेवर ताबा नसण्याबद्दल. माझी आई ४४ किलोची आहे, जन्मभर एक वेळ उपास करणारी. हे कोडं आपल्याच शहरात अभ्यासलं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपली बारीक दिसणारी माणसंही आतून बारीक नसतात, आणि त्याची मुळं आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात, हे पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून पुढे आलं. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आलं. इतक्या सगळ्यांना हावरट म्हणता येणार नाही. तुमच्या वडिलांनाही नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी सहाला गोळी घेऊन निघतात आणि चार घरं उरकून अकराला पहिला घास खातात. त्यांना पथ्य माहीत आहे. त्यांना हवाय तो आठ वाजता बसून भाकरी खायला मिळणारा पाव तास. तो आमच्या घरी आता मिळतो, आणि तो द्यायचं मला इतक्या उशिरा सुचलं याचं वाईट वाटतं.

तुम्ही विचारलंत, “मग काय, बघत बसायचं?” हो, पण पाय बघायचे. आमच्याकडे रोज रात्री जेवणानंतर आई स्टुलावर बसते, ट्यूबलाइटखाली मी तिचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते, मी नसेन तेव्हा ती छोट्या आरशात बघते. घरातही चप्पल घालते. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा बंद केली, कोपऱ्यातून नमस्कार करते. वर्षातून एकदा डॉक्टर नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याची संवेदना तपासतात. आणि एक नियम मी स्वतःला घातलाय: काहीही दिसलं तरी ‘काय खाल्लंस?’ हा पहिला प्रश्न नसेल. गेल्या मंगळवारी तिनंच स्वयंपाकघरातून हाक मारली, “अगं, टाचेला भेग पडलीय, बघ जरा.”

तुमच्या वडिलांचा दुसरा पाय आहे. तोही रोज बघायला हवा, एक पाय गमावलेल्याचा दुसरा जास्त धोक्यात असतो. तुम्ही त्यांच्यासाठी किती धावलात हे तुमच्या रागातून दिसतं. त्यांनी जखम लपवली यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. आम्हीही तेच घर होतो.

मूळ लेखात पायांचा परिच्छेद आज रात्री घालते. मोज्याचं ते वाक्य तुमच्या शब्दांत त्यात घ्यावं असं वाटतं, पण बाबांना विचारून तुम्ही ‘हो’ म्हणालात तरच घेईन.