हाय कुलकर्णी, कसे आहात?

सर म्हणाले, "एकेका कॅंडिडेटला कसले मेल टाइप करत बसतेस, ऑटोमेशन लाव की, अर्ध्या तासाचं काम आहे." अर्ध्या तासाचं काम आहे असं म्हणणाऱ्या माणसाला ते काम स्वतः करायचं नसतं, हे इतकी वर्षं एचआरमध्ये काढून मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी जेवण झाल्यावर बसले. आधी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच आपल्याच कंपनीकडून आलाय हे सिद्ध करणारी तीन सेटिंग्ज. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेलवर दिवसाला 5000 मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची आहेत, आम्ही जेमतेम दोनशे पाठवणार, तरी मेल पाठवायचं टूल लाल दिवा दाखवून बसलेलं. शिवाय स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणजे हजारात तिघं वैतागले की संपलं! सोसायटीच्या ग्रुपवर मी नुसतं गुड मॉर्निंग टाकलं तरी याहून जास्त लोक वैतागतात. त्यात नव्या मेलबॉक्सचा वॉर्म-अप, नव्या बैलाला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाहीत तसं रोज थोडे थोडे मेल वाढवत न्यायचे.

खरा घोळ नावांचा झाला. आमच्या एक्सेलमध्ये आडनाव आधी आणि टूल बिचारं पहिला शब्द उचलतं, त्यामुळे सगळ्यांना "हाय कुलकर्णी", "हाय जाधव", जणू पीटीचे सर हजेरी घेतायत. एकीने नावाआधी कु. लिहिलेलं, तिला गेलं "हाय कु."

टूलचा टाइमझोन कॅलिफोर्नियाचा होता हे तर मला रात्री साडेनऊला कळलं, तिकडे सकाळचे नऊ वाजले आणि इकडे माझ्या नावाने मेल सुटायला लागले.

रिप्लाय आला की फॉलोअप बंद, अशी एक टिक असते, ती मी केली होती, शपथ. पण आपल्याकडे मेलला मेलने उत्तर देतो कोण? लोक फोन करतात, नाहीतर व्हॉट्सॲप. एकाने फोनवर व्यवस्थित नाही सांगितलं, 90 दिवसांचा नोटीस पिरियड वगैरे सगळं, ते मशीनला काय माहीत, ते दर तीन दिवसांनी "माझा आधीचा मेल पाहिलात का?" तिसऱ्या मेलनंतर त्याचा परत फोन, "मॅडम, नाही म्हटलं ना मी? का आता घरी येऊन आईबाबांशी बोलणार आहात?" आणि ज्या मुलीसाठी क्लायंट जीव टाकत होता, ती सुट्टीवर, तिचा आउट ऑफ ऑफिसचा ऑटो-रिप्लाय आला तो टूलने उत्तर म्हणून धरला आणि तिचे फॉलोअप गुपचूप बंद!

आता सगळं दुरुस्त केलंय. फक्त टेस्टिंगसाठी लिस्टमध्ये माझं स्वतःचं नाव टाकलं होतं ते तसंच आहे. दर तीन दिवसांनी मेल येतो, तुमच्या अनुभवाने आम्ही खूप प्रभावित झालोय म्हणून. अप्रेझलमध्ये कुणी कधी असं बोललं नाही, त्यामुळे अनसबस्क्राइब दाबायला हात होत नाहीये.