‘गणवेश चढवला की माणूस बदलतो’ हे स्टॅनफर्डने सिद्ध केलेलं नाही

एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. १९७१मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग उभारला, साध्या मुलांना पहारेकरी केलं, त्यांना कुणी काही शिकवलं नाही, तरी सहा दिवसांत सगळे क्रूर झाले. तात्पर्य काय, तर माणूस म्हणजे त्याची खुर्ची.

‘साधी मुलं’? २४ जणांत कोण कैदी आणि कोण पहारेकरी हे नाणेफेकीवर ठरलं, हे खरं. पण मुलं बोलावणाऱ्या, रोजी १५ डॉलर देऊ करणाऱ्या जाहिरातीतच ‘तुरुंगातलं जीवन’ असं छापलं होतं. २००७मध्ये कार्नाहन आणि मॅकफार्लंड या संशोधकांनी अशी जाहिरात दोन तऱ्हांनी दिली, एकीत ‘तुरुंग’ हा शब्द होता, दुसरीत नव्हता. ‘तुरुंग’ वाचून आलेल्यांत आक्रमकता जास्त निघाली, सहानुभूती कमी. म्हणजे चाळणी बहुधा नाणेफेकीआधीच लागली होती.

‘कुणी शिकवलं नाही’ हे तर सपशेल खोटं. सुरुवातीच्या बैठकीत खुद्द प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डो पहारेकऱ्यांना सांगतात, की कैद्यांना कंटाळा आणि थोडी भीती वाटेल असं करायचं, त्यांच्या हाती काहीच नाही हे त्यांना जाणवू द्यायचं. पुढे एक पहारेकरी मागे मागे राहू लागला, तेव्हा वॉर्डन झालेला विद्यार्थी त्याला बाजूला घेऊन समजावतो, ‘प्रत्येक पहारेकरी कडक हवा.’ याचं ध्वनिमुद्रण आहे. गणवेशाने काम केलं असतं तर ही मनधरणी कशाला?

‘सगळे’ही नाहीत. झिम्बार्डोंच्याच हिशेबाने छळ करणारे साधारण एक तृतीयांश.

उलटा पुरावा मात्र कुणी पुढे पाठवत नाही. २००१मध्ये रायशर आणि हॅसलम या मानसशास्त्रज्ञांनी बीबीसीसाठी असाच तुरुंग मांडला, पण पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते सांगितलं नाही. गणवेश, किल्ल्या, बरं जेवण, सगळं दिलं. तरी ते बिचकले. ‘आम्ही पहारेकरी’ ही भावनाच त्यांच्यात धरली नाही. कैद्यांचं वेगळं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना बढती मिळून पहारेकरी होता येत होतं, तोवर जो तो आपापलं बघत होता. एकाला बढती देऊन ती वाट बंद केली, आणि उरलेले ‘आपण’ म्हणू लागले. सहाव्या दिवशी त्यांनी पहाराच मोडून काढला. मग सर्वांनी मिळून समान कारभार ठरवला. तोही डळमळला, काहीजण आधीपेक्षा कडक राजवटीचे बेत करू लागले, आणि आठव्या दिवशी प्रयोग थांबवावा लागला.