गेटच्या आतली माणुसकी

कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवायला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या माझ्या जुन्या मित्रांशी फोनवर हाच विषय चालू आहे. त्याआधी नारायण मूर्तींनी सुचवलेले आठवड्याचे ७० तास गाजले, मग एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९०. बोलणं तापलं की कुणीतरी म्हणतंच, ‘तुझ्या जर्मनीत बरंय, घड्याळ बघून उठता.’ आणि पाठोपाठ, ‘पण तिकडे माणुसकी नाही राव. इथे आपण एकमेकांसाठी धावून जातो.’

पहिलं मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल मात्र मला बोलायचंय.

मी काम करतो त्या जर्मनीतला कायदा दिवसाला आठ तासांचा आहे. दहापर्यंत ताणता येतो, पण सहा महिन्यांची सरासरी आठवर आणावी लागते. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, आणि डॉक्टरांचा दाखला त्याच्याकडे जातो त्यात आजार कोणता हे लिहिलेलंच नसतं. आमच्या विभागातल्या एक बाई मध्यंतरी बरेच दिवस आल्या नाहीत. चौघांनी त्यांचं काम वाटून घेतलं. ‘खरंच आजारी आहे का?’ असं कुणी कुजबुजलं नाही, घरी फोन करून फाइल कुठे ठेवली असं विचारलं नाही. परत आल्या तेव्हा टेबलावर कामांचा ढीग साचलेला नव्हता.

पण त्यांना भेटायलाही कुणी गेलं नाही. हे मला अजून खुपतं. माझ्या वडिलांना मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा नाईट शिफ्ट करून आलेले मित्र झोपायला न जाता रक्त द्यायला रांगेत उभे होते. सिडकोतून आठवडाभर डबा येत होता, कुणाकडून ते आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. असं काही मी जर्मनीत पाहिलेलं नाही. म्हणून ‘आपण धावून जातो’ हे मी हसण्यावारी नेत नाही, ते शंभर टक्के खरं आहे.

माझं भांडण पुढचं आहे. हाच मित्र, जो रात्रभर जागून रक्त देतो, तो गेटच्या आत गेला की नव्या ट्रेनीने ड्रॉइंगमधलं काही विचारल्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, ‘एवढंही येत नाही? डिप्लोमा काय विकत घेतलास?’ मी सुरुवातीला ज्या कारखान्यात होतो तिथे कंत्राटी पोरांचा चहा वेगळ्या वेळी यायचा. वर्षानुवर्षं शेजारच्या मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला हाक ‘ए, हेल्पर’. पर्मनंट कामगार एकमेकांसाठी जीव टाकायचे आणि युनियनच्या मीटिंगमध्ये कंत्राटीचा विषय निघाला की विषय बदलायचे. आपली माणुसकी ओळखीच्या, बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाकडे सहज वाहते. खालच्याकडे आणि नव्याकडे वळताना अडते.

त्याच कारखान्यात एक जुने फिटर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. बोलायला गोड वगैरे अजिबात नव्हते, चिडायचेही. पण सेकंड शिफ्टचा माणूस यायच्या आधी ते शिफ्टच्या वहीत सगळं लिहून ठेवायचे: कुठला पंच गरम होतोय, कुठला बोल्ट सैल आहे, किती जॉब, म्हणजे बनवायचे भाग, राहिलेत. एवढ्यावर न भागवता दहा मिनिटं थांबून समोर दाखवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘तो येऊन शोधत बसेल ना.’ पोरगं चुकलं तर त्याला मशीनच्या मागे बाजूला नेऊन झापायचे, ओळीत उभं करून नाही. मापं घेताना व्हर्नियर आधी त्याच्या हातात द्यायचे. आणि साहेब राउंडला आले की स्वतःहून सांगायचे, ‘हा सेटिंग याने केलाय,’ नावानिशी.

परिणाम काय झाला? जॉब रिजेक्ट गेला की पोरं सगळ्यात आधी अण्णांकडे यायची. दुसऱ्या लाइनवर तेच जॉब स्क्रॅपच्या बिनमध्ये खाली दडवले जायचे आणि महिन्याभराने कस्टमरची तक्रार यायची. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या चालणाऱ्या पथकांत चुकांची नोंद जास्त सापडली. तिथे चुका उघड बोलल्या जात होत्या, हे त्याचं कारण त्यांनी पुढे मांडलं. अण्णांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणूनच तासांचा वाद आणि माणुसकीचा वाद मला वेगळे वाटत नाहीत. अकराव्या तासाला उभ्या असलेल्या माणसाकडून शांतपणे हँडओव्हर देण्याची अपेक्षा करायची तरी कशी? ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागेल, असं मंत्रिमंडळाच्या त्या निर्णयात म्हटलंय. ठेकेदाराच्या पोराने ‘नाही’ लिहायची हिंमत कुठून आणायची? शेजारचा पर्मनंट माणूस ‘साहेब, याला आज जाऊ द्या, काल डबल शिफ्ट केलीय त्याने’ एवढं म्हणाला तरच तो कागद खरा.

मित्रांचं उत्तर मला पाठ आहे. ‘तुझं ठीक आहे. इथे गेटवर बायोडाटा घेऊन पोरं उभी असतात, आणि सुपरवायझरच्या डोक्यावर डिस्पॅच, म्हणजे माल वेळेत रवाना करणं, असतं.’ ही अडचण खरी आहे. वरून दाब आला की तो खाली ढकलला जातो, आणि दोन वाक्यांच्या चांगुलपणाने बाजारातली बेकारी हटत नाही. कायदा कडक हवाच, जर्मनीत माणसं एकमेकांना सांभाळून घेतात त्यामागे कायद्याने दिलेली सवड आहे हे मी रोज बघतो. पण अण्णांच्या डोक्यावरही तेच डिस्पॅच होतं.

आणि काही गोष्टी कायद्याने दिलेल्या असूनही सहकाऱ्यानेच पोचवाव्या लागतात. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता त्यात मिळतो, त्याच्या अटी पुऱ्या केल्या की. सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. तरी कितीतरी कंत्राटी पोरं तापात कामावर येतात, कारण आपल्या पगारातून कापलेले पैसे कशाचे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ठेकेदार सांगत नाही. पुढच्या महिन्यात तुमच्या लाइनवर नवं पोरगं येईल, तेव्हा त्याची पगाराची स्लिप घेऊन जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसा, ईएसआयचा नंबर कुठे असतो ते दाखवा, आणि पहिल्या वेळी हॉस्पिटलच्या खिडकीपर्यंत सोबत जा.